शेजारच्या पाड्यावरचा माणूस

जव्हार-मोखाड्यात सपाट जमीन शोधावी लागते. पाडा टेकाडावर, विहीर उतारावर, भाताची खाचरे त्याहून खाली आणि नागली-वरईची वरकस जमीन पुन्हा चढावर. सकाळी पाण्याला जाणारी बाई उतरते ती भरल्या हंड्यानिशी चढण्यासाठी. रेशनचे दुकान, शाळा, एसटीचा थांबा, दवाखाना, सगळ्या वाटा पायाने तुडवायच्या. पावसाळ्यात याच वाटा शेवाळतात आणि चिखलात पाय घोट्यापर्यंत रुततो. अशा मुलखात ज्याचा पाय गेला, त्याचे शेत, बाजार, पाहुणेरावळे, लग्न आणि तारप्याचा नाच हे सगळे एकाच दिवशी दूर जाते.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा हे दोन्ही तालुके नव्या जिल्ह्यात आले. २०११च्या जनगणनेत जव्हार तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ४० हजार आणि मोखाड्याची सुमारे ८३ हजार होती. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकर, कातकरी अशा आदिवासी समाजांची ही वस्ती दूरदूरच्या पाड्यांत विखुरलेली आहे. त्याच जनगणनेने महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्ती मोजल्या. पण पोलिओने वाळलेला पाय, पक्षाघाताने लुळा पडलेला हात आणि शस्त्रक्रियेने कापलेला पाय हे सगळे ‘चलनवलनाचे अपंगत्व’ या एकाच रकान्यात गेले. त्यामुळे मोखाड्यात हात किंवा पाय गमावलेली किती माणसे राहतात, याचे उत्तर त्या आकड्यांतून निघत नाही. याचा परिणाम माणसाच्या मनावरही होतो. आपल्यासारखे आपणच, अशी त्याची समजूत होते. खरे तर चार टेकड्यांपलीकडच्या पाड्यावर त्याच्याचसारखा कोणी असू शकतो. दहा वर्षांपूर्वी तो याच सगळ्यातून गेलेला असतो आणि आज कुबडी घेऊन बाजाराला येत असतो. या दोघांची भेट घडवून आणणे हाही उपचाराचाच भाग आहे, आणि आपल्या व्यवस्थेतून तोच सर्वांत जास्त निसटतो.

हातपाय जाण्याची कारणे इथल्या जगण्यातच आहेत. मोखाडा-त्र्यंबक रस्त्यावरचा तोरंगण घाट, जव्हारकडे चढणारी वळणे, कोंबून भरलेल्या जीपगाड्या, रात्रीच्या मोटारसायकली. दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जाणारी कुटुंबे, जिथे यंत्राच्या पट्ट्यात हात सापडायला एक क्षण पुरतो. आता गावोगाव पोचलेला मधुमेह, ज्यात तळव्याची बारीक जखम दुखत नाही म्हणून दुर्लक्षित राहते आणि चिघळते. पालघर जिल्ह्यात अजून आढळणारा कुष्ठरोगही असाच काम करतो. त्यात बोटे रोगामुळे आपोआप झडत नाहीत. संवेदना गेल्यामुळे चटके आणि जखमा कळत नाहीत आणि त्या चिघळून बोटे जातात.

आणि साप. फुरसे, घोणस आणि नाग यांच्या विषाने दंशाच्या जागेचे मांस कुजू शकते. जगात दरवर्षी सर्पदंशाने ८१ हजार ते १ लाख ३८ हजार माणसे मरतात आणि त्याच्या सुमारे तिप्पट माणसांना अवयव गमवावा लागतो किंवा दुसरे कायमचे अपंगत्व येते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. भारतात २००० ते २०१९ या काळात वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू झाले, असे २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. आवणीच्या दिवसांत पायात काही न घालता चिखलात उभ्या असलेल्या माणसाचे हात-पाय सापाला सर्वांत जवळ असतात. दंशानंतर विष चढू नये म्हणून दोरीने करकचून बांधण्याची पद्धत सर्वत्र आहे. त्याने विष थांबत नाही, रक्तपुरवठा मात्र थांबतो आणि वाचू शकणारा पाय काळा पडतो. म्हणून वैद्यकीय मार्गदर्शक सूचना घट्ट आवळपट्टी बांधू नका असे बजावतात. शेजारच्या डहाणू तालुक्यात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या केंद्राने डॉक्टर, आशाताई आणि गावकरी यांच्याबरोबर सर्पदंशावर काम केले, त्यात भगतांनाही सोबत घेतले. हे शहाणपणाचे होते. रात्री दोन वाजता पाड्यावर सर्वांत आधी पोचणारा माणूस भगतच असतो. त्याने दोरी न आवळता रुग्णाला लगेच दवाखान्याकडे धाडले, तर कित्येकांचा पाय शाबूत राहील.

पुढचा प्रवास इथल्या लोकांना पाठ आहे. रस्ता नसलेल्या पाड्यावरून बांबूला झोळी बांधून डोली करायची, गाडीरस्त्यापर्यंत आणायचे, मग मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय किंवा जव्हारचे पतंगशहा कुटीर रुग्णालय आणि तिथूनही बऱ्याचदा नाशिक. शस्त्रक्रिया होते, जीव वाचतो, टाके निघतात, घरी जायची चिठ्ठी मिळते. तिथे डॉक्टरांचे मुख्य काम संपते. माणसाचे प्रश्न तिथून सुरू होतात.

पहिल्या रात्रीचाच प्रश्न घ्या. झोपेतून उठलेला माणूस पाय नाही हे विसरतो, उभा राहायला जातो आणि कोसळतो. हे जगभर होते, अगदी शहरातल्या सुसज्ज घरांतही. टाके नुकतेच भरत आलेल्या जागेवर पडल्याने जखम पुन्हा उघडू शकते. ज्याने हे अनुभवले आहे तो नव्याला पहिल्याच भेटीत सांगतो, कुबडी उशाशी ठेव आणि उठण्याआधी हाताने पाय चाचप. हे वाक्य सांगायला पदवी लागत नाही. त्यासाठी एकदा पडलेले असावे लागते.

दुसरी गोष्ट उशीची. गुडघ्याखालून पाय कापल्यावर घरचे लोक मायेने त्याखाली उशी देतात. ठणका कमी होतो, पण गुडघा वाकलेल्या स्थितीत आखडतो. काही आठवड्यांत तो सरळ होईनासा होतो आणि मग कृत्रिम पाय बसवणे कठीण होते. म्हणून पाय सरळ ठेवायचा, दिवसातून काही वेळ पालथे झोपायचे. स्टंपला, म्हणजे कापल्यावर उरलेल्या पायाला, क्रेप बँडेज इंग्रजी आठच्या आकड्यासारखे, टोकाकडे घट्ट आणि वर सैल असे गुंडाळायचे, म्हणजे सूज ओसरते आणि त्याला निमुळता आकार येतो. नुसते गोल गोल गुंडाळले तर मध्येच आवळले जाऊन टोक फुगते. फिजिओथेरपिस्ट हे शिकवतात. पण पाड्यावर फिजिओथेरपिस्ट नसतो आणि रुग्णालयातल्या घाईत एकदा दाखवलेली पद्धत घरी येईपर्यंत विसरली जाते. ज्याने स्वतःच्या पायावर रोज हे बँडेज बांधले आहे, त्याच्या हाताला ते कायमचे येते.

सर्वांत घाबरवणारी गोष्ट वेगळीच असते. नसलेला पाय दुखतो. तळव्याला खाज येते, बोटे मुडपल्यासारखी वाटतात, टाचेत सुया टोचतात, आणि चादर वर केली तर तिथे काहीच नसते. अमेरिकन यादवी युद्धातील जखमी सैनिकांवर उपचार करणाऱ्या सायलस वेअर मिचेल या डॉक्टरने १८७१ साली या अवस्थेचे वर्णन केले. अवयव गमावलेल्या बहुसंख्य लोकांना कमीअधिक प्रमाणात असा अनुभव येतो. मेंदूत शरीराचा एक नकाशा असतो. पाय गेला तरी नकाशातली त्याची जागा पुसली जात नाही, शिवाय कापलेल्या मज्जातंतूंची टोके संदेश पाठवत राहतात. हे माहीत नसलेला माणूस आपल्याला वेड लागले की काय या भीतीने गप्प बसतो, किंवा काही बाहेरचे झाले असे समजून उतारा करायला जातो. कापलेला पाय नीट पुरला गेला नाही म्हणून तो छळतो, अशी समजूतही कितीतरी ठिकाणी आढळते. अशा वेळी पाय गमावलेला दुसरा एक माणूस समोर बसून ‘मलाही होतं, पहिल्या वर्षी जास्त व्हायचं’ एवढे म्हणाला तरी अर्धी भीती जाते. औषधे लागतातच, पण ती मागायला आधी हे दुखणे खरे आहे हे तोंडाने बोलावे लागते.

या दुखण्यावरचा एक उपाय इतका साधा आहे की तो पाड्यावर सहज पोचू शकतो. चेन्नईत वैद्यकीय शिक्षण घेतलेले आणि पुढे कॅलिफोर्नियात काम केलेले मेंदूविज्ञानी व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९०च्या दशकात आरशाचा प्रयोग केला. दोन पायांच्या मध्ये उभा आरसा असा धरायचा की शाबूत पायाचे प्रतिबिंब गेलेल्या पायाच्या जागी दिसेल. मग शाबूत पाय हळूहळू हलवायचा. मेंदूला दोन्ही पाय हलताना दिसतात आणि मुडपून राहिलेला ‘पाय’ सैल झाल्यासारखे वाटते. २००७ साली अमेरिकेतील वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात झालेल्या लहानशा चाचणीत आरशाच्या गटातील सहाही जणांचे दुखणे चार आठवड्यांत कमी झाले. प्रत्येकाला गुण येतोच असे नाही. पण खर्च एका आरशाचा आणि रोजच्या पंधरा-वीस मिनिटांचा आहे.

हा आरसा खेड्यांत नेला तो डॉक्टरने नव्हे. स्टीफन समनर हा कॅनडाचा माणूस. २००४ साली इटलीत अपघातात त्याचा डावा पाय गेला. नसलेल्या पायाच्या वेदनांनी त्याला काही वर्षे छळले, आणि आरशाने त्या शमल्या. मग तो हलके आरसे लांब सायकलवर लादून कंबोडियाच्या गावागावांत फिरू लागला. त्या देशात भूसुरुंगांनी हजारो लोकांचे पाय घेतले आहेत. एका पायाचा परका माणूस सायकलवरून येतो, जमिनीवर बसतो, स्वतःचा स्टंप दाखवतो आणि आरसा कसा धरायचा ते शिकवतो. लोक त्याचे ऐकतात. त्याच्या हातातल्या आरशाइतकाच त्याचा नसलेला पाय तिथे उपयोगी पडतो.

कृत्रिम पायाचा इतिहासही हेच सांगतो की वापरणाऱ्याचे ऐकल्याशिवाय वस्तू चालत नाही. १९६०च्या दशकात भारतात मिळणारे पाय पाश्चात्त्य पद्धतीचे होते. त्यांवर बूट घालावा लागे, उकिडवे बसता येत नसे, मांडी घालता येत नसे, भिजले की ते खराब होत. खुर्चीवर बसणाऱ्या देशासाठी ते ठीक होते. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी यांना दिसले की बरे होऊन गेलेले शेतकरी घरी जाऊन पाय काढून ठेवतात आणि पुन्हा कुबड्या घेतात. तिथले कारागीर मास्टर रामचंद्र शर्मा यांनी रबर आणि लाकूड वापरून, टायरला रबर चढवतात त्या तऱ्हेने भट्टीत भाजून, माणसाच्या पावलासारखे दिसणारे आणि सगळीकडे वळणारे पाऊल घडवले. १९६८च्या सुमारास तयार झालेला हाच जयपूर फूट. त्याला बूट लागत नाही, तो चिखलात चालतो, त्यावर उकिडवे बसता येते, खाचरात उतरता येते. १९७५ साली डी. आर. मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली आणि हा पाय मोफत मिळू लागला. डॉ. सेठींना १९८१ साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. भरतनाट्यम नर्तिका सुधा चंद्रन याच पायावर १९८४ साली पुन्हा रंगमंचावर आल्या. जव्हारच्या शेतकऱ्याला मात्र यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटेल: या पायाने आवणी करता येते.

तरीही कितीतरी पाय कुडाच्या भिंतीला टांगलेले राहतात. शिबिरात माप घेतले, पाय मिळाला, फोटो निघाले, माणूस घरी आला. पहिल्या काही महिन्यांत स्टंप आकसत जातो. सॉकेट ढिले होते, आत घसरते, कातडी सोलवटते. पाय आपल्याला ‘मानवला नाही’ असे समजून माणूस तो काढून ठेवतो. खरे तर हे प्रत्येकाच्या बाबतीत होते. स्टंपवर एकाऐवजी दोन-तीन मोजे चढवायचे, आणि तेवढ्याने भागेना झाले की सॉकेट बदलून घ्यायचे. स्टंप रात्री धुवायचा, सकाळी नाही, कारण ओलसर कातडी सॉकेटमध्ये लवकर सोलते. पावसाळ्यात घामाने आणि ओलीने फोड येतात, म्हणून मोजा दुपारी बदलायचा. स्टंपची मागची बाजू रोज छोट्या आरशात पाहायची. मुलाला पाय बसवला असेल तर त्याच्या वाढीबरोबर तो पुन्हा पुन्हा बदलावा लागतो. शिवाय चालणे महाग पडते. गुडघ्याखालचा पाय गेलेल्याला कृत्रिम पायाने सपाटीवर चालायलाही धडधाकट माणसापेक्षा साधारण २५ ते ४० टक्के जास्त शक्ती लागते. गुडघ्यावरून गेला असेल तर ६० टक्क्यांहून जास्त. चढणीचा हिशोब त्याहून कठोर. म्हणून सुरुवातीला लवकर दमणे हा आळस नाही, हे त्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना कोणीतरी सांगायला हवे.

हे कोणीतरी म्हणजे कोण, याचे उत्तर आधी युद्धांनी दिले. पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या ४१ हजारांहून अधिक सैनिकांनी हातपाय गमावले. त्यांनी आपापसांत संघटना बांधल्या आणि १९३२ साली त्यांची देशव्यापी संस्था उभी राहिली. जो आधी चालायला शिकला तो नंतरच्याला शिकवी. आपल्याकडे जखमी हिंदी सैनिकांसाठी १९१७ साली लेडी विलिंग्डन यांनी मुंबईत क्वीन मेरीज तंत्रशाळा काढली, ती पुढे खडकीला गेली. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले. अशा ठिकाणी आठवडेच्या आठवडे एकत्र राहणाऱ्या सैनिकांना एकमेकांकडून जे मिळाले, ते पाड्यावर एकट्या परतणाऱ्या शेतमजुराला कधीच मिळाले नाही. अमेरिकेत १९८६ साली अवयव गमावलेल्यांची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. ती प्रशिक्षित स्वयंसेवकांना नव्या रुग्णांच्या भेटीला पाठवते, आणि शक्यतो वय, लिंग आणि कापलेल्या अवयवाची पातळी जुळेल असा माणूस निवडते. भारतात कारगिलच्या युद्धात पाय गमावलेले मेजर डी. पी. सिंग यांनी २०११ साली ‘द चॅलेंजिंग वन्स’ हा गट सुरू केला. कृत्रिम ब्लेडवर अर्धमॅरेथॉन धावणारा हा सैनिक शस्त्रक्रियेनंतर खचलेल्या लोकांना भेटतो, त्यांच्याशी बोलतो, त्यांना एकमेकांशी जोडतो.

मुंबईत वाढलेल्या मानसी जोशीची गोष्ट या दृष्टीने पुन्हा वाचावी अशी आहे. डिसेंबर २०११मध्ये स्कूटरवरून कामाला जाताना ट्रकखाली येऊन तिचा डावा पाय गेला. २०१९ साली बासेलला ती पॅरा बॅडमिंटनची जगज्जेती झाली. बातम्यांत ही दोन टोके येतात. मधला एक दुवा मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. नीरज जॉर्ज या लहानपणीच पाय गमावलेल्या केरळच्या पॅरा बॅडमिंटनपटूने तिला स्पर्धेत उतरायला सुचवले. ते स्वतः तसेच खेळत होते, म्हणून त्यांचे म्हणणे सांत्वन वाटले नाही.

कोल्हापुरातही असेच घडले, अपंगत्वाचा प्रकार मात्र वेगळा. नसीमा हुरजूक यांना सोळाव्या वर्षी कमरेखाली पक्षाघात झाला. नंतर त्यांची बाबूकाका दिवाण यांच्याशी भेट झाली. तेही कमरेखाली लुळे होते, पण उद्योग चालवत होते आणि स्वतः गाडी हाकत होते. या भेटीने त्यांचे आयुष्य वळले. १९८४ साली कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ उभी राहिली, आणि पुढे सिंधुदुर्गात अपंगांच्या हातांनी चालणारे काजूप्रक्रिया केंद्र आले. ‘चाकाची खुर्ची’ हे त्यांचे आत्मचरित्र मराठी वाचकांना ठाऊक आहे. त्याही आधी, १९४९ साली, वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी आनंदवन सुरू केले. कुष्ठरोगात बोटे गमावलेल्या माणसांनी तिथे विहिरी खणल्या, शेती केली आणि नव्याने येणाऱ्यांना सामावून घेतले.

असे असले तरी जगज्जेतेपद आणि मॅरेथॉन हे पाड्यावरच्या माणसाला दूरचे आहे. पदक जिंकलेल्या खेळाडूचा कार्बन ब्लेड पाहून मन भरून येते, पण ओल्या मेरेवरून डोक्यावर भारा घेऊन कसे उतरायचे ते त्यातून कळत नाही. ते सांगू शकतो तो त्याच मातीवर चालणारा माणूस. कुठल्या कारागिराने काठीच्या टोकाला टायरचा तुकडा लावून दिला, जीपवाला पुढची जागा देतो का, लग्नाच्या मांडवात पहिल्यांदा गेल्यावर लोक काय बोलले आणि त्यावर काय उत्तर दिले, नांगर सोडावा लागला तर घरात काय काम मागून घ्यायचे, दारूकडे वळलेला हात कसा परत फिरला. ही माहिती पुस्तकात नाही. ती खोडाळ्याच्या, वाड्याच्या, विक्रमगडच्या बाजूच्या माणसांच्या अंगात आहे.

बायकांच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. सॉकेटचे पट्टे लुगड्याखाली कसे बांधावेत, पाळीच्या दिवसांत स्वच्छता कशी राखावी, बाळ कडेवर घेऊन कसे उठावे, नवऱ्याने टाकले तर कोणाकडे जावे, हे प्रश्न पुरुष तंत्रज्ञापुढे कोणी बोलत नाही. शिबिराला जायला सोबत हवी, सोबत येणाऱ्याची मजुरी बुडते, म्हणून बाईचे जाणे पुढे ढकलले जाते. तिला भेटायला येणारी व्यक्ती बाईच असली पाहिजे, हे आधीच ठरवून ठेवावे लागेल.

जव्हार-मोखाड्यात अशी जोडणी करायला आधार शून्यातून उभा करावा लागणार नाही. १९७२पासून जव्हारमध्ये काम करणाऱ्या प्रगती प्रतिष्ठानाने इथे कर्णबधिर मुलांची निवासी शाळा चालवली. एकाच तऱ्हेची अडचण असलेली मुले एकत्र राहिली की घरी खुणांनीही न बोलणारे मूल किती बोलू लागते, हे इथल्या लोकांनी पाहिले आहे. आवणीच्या दिवसांत एकमेकांच्या शेतात राबण्याची रीतही इथली जुनीच.

आणि नियम अनुकूल आहेत. राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानात, म्हणजे महाराष्ट्रातल्या ‘उमेद’मध्ये, बचत गटाला साधारण दहा ते वीस महिला लागतात. दिव्यांगांच्या गटाला मात्र सवलत आहे. किमान ५ सदस्य पुरतात आणि पुरुष-बाया एका गटात बसू शकतात. दुर्गम आदिवासी भागालाही संख्येची ही सूट आहे. खोडाळ्याच्या आसपासच्या पाड्यांतून पाचजण मिळाले की बँकेत खाते असलेला, फिरता निधी मिळू शकणारा गट तयार होतो. बायफ संस्थेच्या वाडी कार्यक्रमातून जव्हारच्या उतारांवर आंबा-काजूच्या बागा उभ्या राहिल्या आहेत. काजू फोडणे आणि निवडणे हे बसून करण्याचे काम आहे, आणि सिंधुदुर्गातल्या अपंगांनी ते करून दाखवले आहे.

गटाचा पहिला उपयोग कागदपत्रांत दिसेल. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्याला बहुतेक योजनांचा हक्क मिळतो, आणि गुडघ्याखालून पाय गेला तरी टक्केवारी त्याच्या बरीच वर जाते. एकदा युडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचे ओळखपत्र, हाती आले की एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत आहे, संजय गांधी निराधार योजना आहे, केंद्राच्या योजनेतून मोफत कृत्रिम अवयव आहे. मुंबईत हाजी अलीजवळ १९५५ साली सुरू झालेली पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था आहे, तिथे पाय बनवण्याची कार्यशाळाही आहे. पण जव्हारहून दीडशे किलोमीटरवरच्या त्या दारापर्यंत पहिल्यांदा एकट्याने जाणे अवघड असते. कुठल्या गाडीने जायचे, कुठे उतरायचे, कुठल्या खिडकीला कुठला कागद दाखवायचा हे माहीत असलेला सोबती असेल तर एका खेपेत काम होते. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचा ५ टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. डोंगरातल्या पंचायतीचे उत्पन्नच थोडे, त्यामुळे ही रक्कम लहान असते. तरी स्टंपचे मोजे, क्रेप बँडेज, एक आरसा आणि तपासणीच्या खेपेचे भाडे एवढ्याला ती पुरू शकते. एकटा माणूस ग्रामसभेत हे मागताना संकोचतो, पाचजण उभे राहिले तर इतिवृत्तात नोंद होते.

सुरुवात कुठून करायची हेही ठरलेले आहे. आशाताईला आपल्या पाड्यावर कोणाचा हात किंवा पाय गेला आहे हे माहीत असते. अपंगत्व तपासणीच्या दिवशी आणि कृत्रिम अवयवांच्या शिबिरात तर हे सगळे लोक एकाच ओसरीवर तासन्‌तास बसलेले असतात, आणि माप झाले की आपापल्या जीपने निघून जातात. त्या दिवशी त्यांना गावाच्या क्रमाने बसवले तर शेजारच्या पाड्यांची माणसे शेजारी येतील. जुन्या पायाच्या दुरुस्तीसाठी आलेल्या दोघा-चौघांना अर्धा तास थांबवून नव्यांशी बोलायला सांगता येईल, त्यांच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई करून. मापे लिहिणाऱ्याच्या वहीत नाव आणि गाव असतेच. त्याच्यापुढे, माणसाची संमती विचारून, मोबाइल नंबर आणि भेटायला येणाऱ्या जोडीदाराचे नाव लिहायला आणखी एक रकाना आखावा लागेल.